पांढरी गुळगी

"औषधं कुठली चालू आहेत?"
"काय नाही ओ. सुम्मन."

यल्लूबाई मुचंडीकर, वय अंदाजे साठ,
खानापूरच्या कौलांच्या भट्टीवर चोवीस वर्षं,
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर ओली कौलं.
परवा पडली, सपाट अंगणात.
ठेच नाही, पाणी नाही, उंबरा नाही,
आणि खुब्याचं हाड शेंगेच्या टरफलासारखं.

मी भूल देणारी. माझं काम उद्या सकाळी आठला,
आज फक्त विचारायचं.

सलाईनची पट्टी काढताना
कातडी पट्टीबरोबर येते.
मनगटावर जांभळे डाग, कुणी धरलं नसताना.
चेहरा मात्र गोल, गालांवर लाली.
सून सांगते, चार वर्षांत भरली बघा,
गल्लीत म्हणतात, म्हातारीला आता सुख लागलं.

मी परत विचारते, माझ्या मोडक्या कन्नडात:
नोविगे एन् तगोतीरी?
ती हसते. माझ्या उच्चारांना हसते बहुतेक,
आणि कनवटीचा बटवा सोडते.
वर्तमानपत्राच्या तुकड्यात एक पांढरी, एक तांबडी.
"ह्या गुळगीला काय औषध म्हणायचं?
बाजाराच्या दिवशी एकजण देतो. कंबर उठते."

तांबडीनं पोट जाळलं, मूत्रपिंडं थकवली;
क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ.
पांढरीनं हाडातला चुना खाल्ला
आणि वर चेहऱ्यावर सुख लिंपलं.
"पण दुखत नव्हतं की," ती म्हणते.
हे खरं आहे.
माझ्या फाइलीत ते लिहायला रकाना नाही.

सुनेला समजावताना मला एकच सुचलं:
प्रत्येकीच्या पोटात एक चूल असते,
मूत्रपिंडाच्या डोक्यावर, बोटाच्या पेराएवढी.
रोज थोडं रांधते.
अंगावर संकट आलं की जास्त.
कुणी चार वर्षं बाहेरून ताट आणून दिलं
तर कशाला पेटवेल ती?
उद्या ऑपरेशन म्हणजे दारात शंभर पाहुणे,
आणि चुलीत राख.
म्हणून मी सुईतून ताट धाडणार. तीच पांढरी, दुसऱ्या नावानं.
सून म्हणाली, म्हणजे विषच परत?
मी म्हटलं, होय. आणि नाही.
तिनं सासूच्या अंगठ्याला शाई लावली,
कन्नडातल्या कागदावर, जो आम्ही तिघींनी
पूर्ण वाचला नव्हता.

सकाळी भूल चढताना रक्तदाब उतरला,
नव्वद, ऐंशी,
मग हायड्रोकॉर्टिसोन पोचलं असावं,
शंभरावर येऊन थांबला.
सर्जन रॉडचं माप मागत होते.
त्यांना काही कळलं नाही, तसंच बरं.

रात्री ती तांबडी मागू लागली.
"तेवढी एक द्या की, एवढं काय."
मी नाही म्हटलं. नस बधिर केली होती,
पॅरासिटॅमॉल दिलं, पायाखाली उशी दिली.
उरलेलं दुखणं तिच्याजवळच राहिलं.
भट्टीवरची शिवी तिनं मला घातली, कन्नडातली.
ती मात्र मला पुरती समजली.

जखम सावकाश भरली. टाके
आठवडाभर उशिरा काढले.
जाताना पांढरी कशी कमी करायची ते सांगायचं होतं:
अचानक सोडायची नाही, हे तीनदा,
आणि तांबडी परत कधीच नाही.
अक्षरं तिला कुठल्याच लिपीतली येत नव्हती.
मग केस पेपरच्या पाठीवर गोळ्या काढल्या,
पहिल्या ओळीत पूर्ण गोल,
खाली पाऊण, खाली अर्धा, खाली पाव.

तिनं कागद उन्हाकडे धरून पाहिला.
"चंद्र काढलाय काय ओ, डॉक्टरीण?"
बोट ओळी उतरत शेवटच्या रिकाम्या जागेवर आलं.
"इथं अमाश."
"इथं नंतर बघू. आधी रक्त तपासायचं.
तुमची चूल पेटते का ते."

"अमाशेला काय संपवू नये," ती म्हणाली.
मी पेन परत घेतलं
आणि त्या जागी एक कोर काढून दिली.